ईबीमधल्या न भरणाऱ्या जखमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एपिडर्मोलिसिस बुलोसा, म्हणजेच ईबी, असलेल्या मुलांचे आईवडील आणि मोठे झालेले रुग्ण जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न आठवा आहे. घाईत असाल तर आधी तो वाचा. पोटात घ्यायच्या औषधांची मात्रा मुद्दाम दिलेली नाही. ती वय आणि वजन पाहून डॉक्टरांनीच ठरवायची असते.

१. ईबी म्हणजे नेमकं काय? सगळ्यांच्याच जखमा अशा रेंगाळतात का?

त्वचेचा वरचा थर खालच्या थराला काही प्रथिनांनी बांधलेला असतो. जनुकातल्या दोषामुळे यातलं एखादं प्रथिन बनतच नाही किंवा कमकुवत बनतं. मग साध्या घर्षणानेही थर सुटतात, मध्ये पाणी साठतं आणि फोड येतो.

थर कोणत्या पातळीवर सुटतो त्यावरून चार मुख्य प्रकार पडतात. सिम्प्लेक्समध्ये बहुधा केराटिन ५ किंवा १४ मध्ये दोष असतो. फोड अगदी वरवर असतो आणि बहुतेक वेळा व्रण न ठेवता भरतो. जंक्शनलमध्ये लॅमिनिन ३३२ किंवा कोलॅजन १७ बिघडलेलं असतं. डिस्ट्रॉफिकमध्ये कोलॅजन ७ बिघडलेलं असतं. फोड खोल असतो, भरल्यावर व्रण राहतो आणि त्या व्रणाची कातडी आधीपेक्षाही नाजूक असते. चौथा, किंडलर, फार दुर्मीळ आहे. महिनोनमहिने न भरणाऱ्या जखमा मुख्यतः जंक्शनलमध्ये आणि रिसेसिव्ह (म्हणजे दोष आई आणि वडील दोघांकडून आलेला) डिस्ट्रॉफिकच्या तीव्र रूपात दिसतात.

प्रकार अजून ठरला नसेल तर तो ठरवून घ्या. नवी औषधं त्यावरच अवलंबून आहेत (प्र. १४). तपासणीसाठी त्वचेचा तुकडा ताज्या फोडाच्या कडेचा हवा. जुन्या फोडाखाली नवी कातडी धरू लागलेली असते आणि निष्कर्ष फसवा येऊ शकतो. जनुकीय तपासणी झाली तर उत्तर पक्कं मिळतं.

२. हा आजार दुसऱ्याला लागतो का? पुढच्या मुलाला होईल का?

स्पर्शाने, कपड्यांतून किंवा एकत्र आंघोळीतून लागत नाही. दोष रिसेसिव्ह असेल आणि आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात शक्यता २५ टक्के असते. डॉमिनंट, म्हणजे एकाकडूनच आलेला दोष पुरतो असा, असेल आणि दोघांपैकी एकाला आजार असेल तर ५० टक्के. कधीकधी घरात कुणालाच नसताना दोष मुलात नव्याने उद्भवतो. नेमका जनुकदोष माहीत असेल तरच गर्भाची तपासणी करता येते. त्यामुळे ही चौकशी पुढच्या गरोदरपणाआधी व्हायला हवी.

३. फोड फोडावा की तसाच ठेवावा?

फोडावा. भाजल्याचा फोड फोडू नये हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि तोच नियम इथे लावला की नुकसान होतं. ईबीत थरांची पकडच कमजोर असल्याने आतल्या पाण्याचा दाब कडा उचलत जातो आणि वाटाण्याएवढा फोड काही तासांत तळहाताएवढा होऊ शकतो.

हात धुवा. निर्जंतुक सुई त्वचेला समांतर धरा आणि फोडाच्या सर्वांत खालच्या बाजूला, पाणी ओघळून जाईल अशा जागी, एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढा. दोन भोकं पडली की फोड लगेच पुन्हा भरत नाही. स्वच्छ गॉज हलक्या हाताने टेकवून पाणी टिपून घ्या, पुसू नका. वरचा पापुद्रा कापू नका, तेच सर्वांत चांगलं आवरण आहे. फोड रक्ताने भरलेला असला तरी कृती हीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरला तर पुन्हा फोडा.

सिम्प्लेक्समध्ये अनेकांना यावर ड्रेसिंग लागत नाही. गुंडाळल्याने गरम होतं, घाम येतो आणि फोड वाढतात. तिथे फोडलेल्या फोडावर आणि पायाच्या बोटांमध्ये थोडं कॉर्नफ्लॉवर भुरभुरलं की घर्षण कमी होतं. मात्र उघड्या, ओल्या जखमेवर ते टाकू नका. गोळे होऊन चिकटतात.

४. जखमेवर थेट कोणतं ड्रेसिंग ठेवायचं?

जखमेला न चिकटणारं. पहिला थर मऊ सिलिकोनच्या जाळीचा, उदाहरणार्थ मेपिटेल, किंवा स्निग्ध पदार्थ भिनवलेल्या जाळीचा. ही जाळी जखमेच्या कडेबाहेर सर्व बाजूंनी निदान २-३ सेंटिमीटर जाईल एवढी घ्या, नाहीतर सरकून बाहेरचा फोम थेट जखमेवर येतो. दुसरा थर पाणी शोषणारा, कडांना चिकटद्रव्य नसलेला फोम. तिसरा, हे सगळं जागेवर धरणारी सैल गुंडाळपट्टी किंवा नळीसारखी ताणपट्टी.

साधं कोरडं गॉज थेट जखमेवर ठेवणं ही नेहमीची चूक. ते जखमेत रुततं आणि काढताना नवी धरलेली कातडी घेऊन निघतं. दोन दिवसांची भरण एका ओढीत जाते.

पाणी कमी येत असेल तर सिलिकोनची जाळी काही दिवस तशीच ठेवून फक्त वरचा फोम बदलता येतो. ड्रेसिंग ओलं होऊन बाहेर झिरपू लागलं की मात्र वाट पाहू नका. ओलाव्यात भोवतालची चांगली कातडी पांढरी पडते, भिजून फुगते आणि जखम तिथूनच पसरते.

५. ड्रेसिंग बदलताना मूल फार रडतं. क्रम कसा असावा?

डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक सुरू करण्याच्या ३०-४५ मिनिटं आधी द्या. त्या वेळात सगळी ड्रेसिंगं मापाने कापून, लावायच्या क्रमाने मांडून ठेवा. जखम उघडी असताना कात्री शोधावी लागू नये, कारण हवा लागली की वेदना वाढते. खोली उबदार ठेवा, पंखा बंद.

एका वेळी एकच अवयव उघडा. डावा पाय सोडा, पाहा, फोड असतील ते फोडा, बांधा आणि मगच उजव्याकडे वळा. मूल समजतं झालं असेल तर एखादी पट्टी त्यालाच सोडू द्या आणि "थांब" म्हणायचा हक्कही त्याला द्या. हे लाड नव्हेत. ज्या मुलाला थांबवता येतं ते अंग कमी आखडतं, त्यामुळे घर्षण आणि ओढाताणही कमी होते.

महिन्यातून एकदा प्रत्येक जुन्या जखमेचा, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढा. रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही. पुढे प्र. ८ आणि १३ साठी हेच फोटो कामी येतात.

६. ड्रेसिंग चिकटलं किंवा कुणी चुकून चिकटपट्टी लावली तर?

ओढू नका. चिकटलेलं ड्रेसिंग कोमट पाण्याने किंवा सलाइनने भिजवून वाट पाहा. पाच मिनिटांत नाही सुटलं तर वीस मिनिटं. अंघोळीतच सुटू दिलं तर उत्तम. चिकटपट्टीसाठी सिलिकोनचा अॅडहेसिव्ह रिमूव्हर मिळतो, तो कडेखाली सोडत पट्टी स्वतःवरच मागे दुमडत न्या. तो नसेल तर पांढरं मऊ पॅराफिन आणि द्रव पॅराफिन सम प्रमाणात मिसळून भरपूर लावा. तरीही सुटत नसेल तर पट्टी तिथेच राहू द्या. काही दिवसांत आपोआप सुटेल.

एक धोक्याची सूचना: पॅराफिन मुरलेले कपडे आणि पट्ट्या पटकन पेट घेतात. शेगडी, मेणबत्ती, सिगारेट यांपासून लांब राहा.

७. अंघोळ घालावी का? पाण्यात मीठ, ब्लीच, व्हिनेगर यांपैकी काय आणि किती?

अंघोळ जरूर घालावी. साध्या पाण्याने जखमा चुरचुरतात, कारण शरीरातल्या द्रवापेक्षा त्यात क्षार कमी असतात. एका लिटरला ९ ग्रॅम मीठ घातलं की दोन्ही बाजू सारख्या होतात आणि आग बरीच कमी होते. १० लिटरला ९० ग्रॅम, ५० लिटरला ४५० ग्रॅम. चिमूटभर मिठाने काही साधत नाही, वजन करूनच घाला.

ब्लीच जंतूंचा भार कमी करण्यासाठी, डॉक्टरांनी सांगितलं तर आठवड्यातून दोन-तीनदा. पाण्यात सोडियम हायपोक्लोराइटचं प्रमाण ०.००५ टक्के हवं. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर दर लिटर पाण्याला १ मिली, म्हणजे १० लिटरला १० मिली. वास नसलेलं, साबण न मिसळलेलं ब्लीच घ्या, ५ ते १० मिनिटं थांबा आणि मग साध्या पाण्याने धुवा.

व्हिनेगर हिरवट पाणी आणि गोडसर उग्र वास येणाऱ्या जखमेसाठी. हा बहुधा स्यूडोमोनास जंतू असतो. ५ टक्के अॅसेटिक आम्लाचं पांढरं व्हिनेगर ५० मिली आणि पाणी ९५० मिली घेतलं की ०.२५ टक्के होतं. त्यात भिजवलेलं गॉज १०-१५ मिनिटं जखमेवर ठेवून काढून घ्या.

ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठ एकाच भांड्यातही नको. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

८. एक जखम महिनोनमहिने भरत नाही. सगळी मलमं लावून झाली. आता काय?

आणखी मलम शोधणं आधी थांबवा. ईबीची कातडी दुबळी असली तरी बहुतेक जखमा भरतात. त्याच अंगावरच्या दहा जखमा भरल्या आणि अकरावी भरत नाही, तर त्या अकराव्या जागी काहीतरी आड येतंय. ते काय आहे हे शोधायचं, आणि शोधण्याचा क्रम असा.

पहिलं, जागा. जखम कंबरपट्ट्याखाली, डायपरच्या कडेला, दप्तराच्या पट्ट्याखाली, टाचेवर किंवा झोपताना दाब येतो त्या कुशीवर आहे का? असेल तर रोज भरतं तेवढंच रोज सोलवटतं. कपड्यांची शिवण बाहेरच्या बाजूने येईल असे उलटे घाला, डायपरच्या कडेचं इलॅस्टिक कापून आत मऊ अस्तर ठेवा, गादी बदला. पाठीच्या आणि मानेच्या जखमांचं कारण फार वेळा इतकं साधं निघतं.

दुसरं, खाज. रात्री झोपेत ती जागा खाजवली जाते का? सकाळी ड्रेसिंग सरकलेलं आणि नखांत रक्त दिसत असेल तर उत्तर मिळालं (प्र. ११).

तिसरं, ड्रेसिंग. कडा पांढऱ्या, भिजलेल्या म्हणजे ते कमी शोषतंय. जखम कोरडी, खपली घट्ट म्हणजे ते जास्त शोषतंय. काढताना रक्त येतं म्हणजे चिकटतंय.

चौथं, जंतू. जखमेवर पिवळट बुळबुळीत थर पुन्हापुन्हा येतो का (प्र. ९)?

पाचवं, रक्त आणि आहार. एक नव्हे तर सगळ्याच जखमा मंदावल्या असतील तर कारण बहुधा जखमेत नाही, रक्तात आहे (प्र. १०).

सहावं, स्वरूप. जखमेची कड जाड झाली, मध्ये उंचवटा आला, वेदना बदलली, तर वरच्या पाचांपैकी कशाचीही वाट न पाहता प्र. १३ वाचा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन आठवडे थांबून फोटो ताडून पाहा. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

९. तपासणीत जंतू सापडले. अँटिबायोटिक सुरू करावं का?

नुसत्या अहवालावरून नाही. ईबीच्या जुन्या जखमेत जंतू, विशेषतः स्टॅफिलोकॉकस ऑरियस, जवळपास नेहमीच सापडतात. त्यांचा संसर्ग झाला आहे का, हा खरा प्रश्न. भोवतालची लाली पसरणं, ऊब, सूज, वाढती वेदना, अचानक वाढलेलं पाणी किंवा वास, ताप, ही लक्षणं पाहा. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. तिथे कातडी ताणलेली, चकाकणारी आणि हाताला गरम लागते.

यातलं काही नसून जखम फक्त अडली असेल तर प्र. ७ मधली अंघोळ किंवा जंतुनाशक ड्रेसिंग पुरतं. ताप असेल किंवा लाली पसरत असेल तर पोटातून किंवा शिरेतून औषध लागतं आणि ते त्याच दिवशी सुरू व्हायला हवं.

अँटिबायोटिक मलम महिनोनमहिने लावत राहणं ही मोठी चूक आहे. म्युपिरोसिनला जंतू सरावतात आणि खरी गरज पडते तेव्हा ते निरुपयोगी ठरतं. चांदीयुक्त ड्रेसिंगही तान्ह्या बाळाला मोठ्या भागावर किंवा दीर्घकाळ नको, कारण चांदी रक्तात शोषली जाते. पोव्हिडोन आयोडीन तान्ह्यांच्या थायरॉइडवर परिणाम करू शकतं.

घरातला मध लावावा का, असंही खूप जण विचारतात. नको, तो निर्जंतुक नसतो. जखमांसाठी बनवलेला वैद्यकीय मध वेगळा. तो वापरता येतो, पण अनेकांना फार चुरचुरतो.

१०. आहाराचा आणि जखमेचा एवढा संबंध आहे का?

आहे, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. जखमांतून रोज प्रथिनं, लोह आणि रक्त वाहून जातं. वर तितकीच कातडी नव्याने घडवायची असते. म्हणून तीव्र ईबीच्या मुलाला त्याच वयाच्या मुलापेक्षा उष्मांक आणि प्रथिनं बरीच जास्त लागतात, आणि नेमकं त्यालाच खाता येत नाही: तोंडात फोड, गिळताना दुखणं, अन्ननलिका अरुंद झालेली.

हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं), अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), झिंक आणि ड जीवनसत्त्व ठरावीक काळाने तपासा. जुन्या दाहामुळे फेरिटिन खोटं वाढलेलं दिसू शकतं. ते ठीक असूनही हिमोग्लोबिन घसरत असेल तर लोहाची कमतरता नाहीच असं समजू नका. पोटातून घेतलेलं लोह पुरत नसेल तर शिरेतून देता येतं.

एक साखळी लक्षात ठेवा. गुदद्वाराशी फोड आले की शौचाला दुखतं, मूल शौच रोखतं, बद्धकोष्ठ होतं, भूक मरते, खाणं कमी होतं आणि जखमा थांबतात. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ आणखी वाढतं. अशा वेळी जखमेच्या उपचाराची सुरुवात शौच मऊ करणाऱ्या औषधापासून होते. घास अडकू लागला तर फुग्याने अन्ननलिका रुंद करतात. गिळणं फारच कमी असेल तर पोटातून आहारनळी बसवतात. नळीची वेळ आली म्हणजे आपण हरलो असं अनेक आईवडिलांना वाटतं. तसं मुळीच नाही. नळीनंतर वजन वाढतं आणि जेवणाची रोजची लढाई संपते.

११. खाज काही केल्या थांबत नाही.

भरत आलेली जखम, कोरडी कातडी, उष्णता आणि जंतू, सगळ्यांनी खाज येते. थंडावा, सैल सुती कपडे, अभंग कातडीवर मॉइश्चरायझर आणि कापलेली नखं ही सुरुवात. झोप आणणारी अँटिहिस्टामिन रात्री काही प्रमाणात उपयोगी पडतात, पण या खाजेत मज्जातंतूंचा वाटा मोठा असल्याने ती बऱ्याचदा अपुरी ठरतात. तेव्हा गॅबापेंटिनसारख्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला. "खाजवू नकोस" असं मुलाला दटावून काहीही साधत नाही.

१२. जखमेत लाल, ओलं मांस वर आलंय आणि सहज रक्त येतं. हे काय?

भरताना तयार होणारं मांस गरजेपेक्षा जास्त वाढलं की ते कडेच्या वर येतं आणि नवी कातडी त्यावर चढू शकत नाही. जंक्शनल ईबीत तोंडाभोवती, मानेवर आणि नखांपाशी हे विशेष दिसतं. जंतूंचा भार कमी करणं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीव्र स्टिरॉइड मलम थोडे दिवस लावणं, हा नेहमीचा उपाय. त्याने खाली बसलं नाही, किंवा रुग्ण डिस्ट्रॉफिकचा आणि मोठ्या वयाचा असेल, तर बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, हवीच.

१३. कर्करोगाची शंका कधी घ्यायची?

रिसेसिव्ह डिस्ट्रॉफिकच्या तीव्र रूपात स्क्वॅमस सेल या त्वचेच्या कर्करोगाचा धोका किशोरवयाच्या अखेरीपासून झपाट्याने वाढतो. म्हणून या रुग्णांची पूर्ण अंगाची तपासणी वयाच्या दहाव्या वर्षापासून दर ३ ते ६ महिन्यांनी करतात, सगळी ड्रेसिंगं काढून. घाईत दोन-तीन पट्ट्या तशाच ठेवल्या जातात आणि नेमकं तिथेच राहून जातं.

संशयाची चिन्हं: इतर जखमांहून वेगळी दिसणारी, चार आठवड्यांत भरण्याची लक्षणं न दाखवणारी जखम, जाड, उचललेली, गुंडाळल्यासारखी कड, वेगाने वाढणारी कठीण खपली, नव्या प्रकारची वेदना. हातपाय आणि हाडांच्या उंचवट्यांवरच्या जुन्या व्रणांवर हा जास्त होतो. तुकडा एकाच ठिकाणचा पुरत नाही. कड आणि उंचवटा अशा वेगवेगळ्या जागांचे घ्यायला सांगा. अहवाल निर्दोष आला आणि जखम मात्र तशीच वाढत राहिली, तर बायोप्सी पुन्हा करायला सांगा. संकोच करू नका.

१४. नवी औषधं आली आहेत म्हणे. आमच्या उपयोगाची आहेत का?

तीन लक्षात ठेवा, आणि तिन्ही सरसकट सगळ्यांसाठी नाहीत.

फिल्सुवेझ हे बर्चच्या सालीपासून बनवलेलं जेल युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं, डिस्ट्रॉफिक आणि जंक्शनलसाठी, सहा महिन्यांवरील वयात. ड्रेसिंग बदलताना साधारण १ मिलिमीटर जाडीचा थर द्यायचा, चोळायचं नाही, त्याच जागी दुसरं मलम नको. चाचणीत ४५ दिवसांत ठरवलेली जखम पूर्ण बंद होण्याचं प्रमाण ४१.३ टक्के होतं, औषधी अर्क नसलेल्या जेलने २८.९ टक्के. फरक खरा आहे, पण चमत्कार नव्हे.

व्हायज्युवेक हे जनुकीय जेल अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झालं, फक्त डिस्ट्रॉफिकसाठी. निरुपद्रवी केलेल्या हर्पिस विषाणूतून कोलॅजन ७ चं जनुक पेशीत पोहोचवतात. आठवड्यातून एकदा, जखमेवर सुमारे १ सेंटिमीटर अंतराने थेंब ठेवायचे. ३१ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी ६७ टक्के जखमा पूर्ण भरल्या होत्या, नुसत्या जेलने २२ टक्के. लावणाऱ्याने हातमोजे घालावेत. गरोदर स्त्रीने ते तयार करू नये, लावू नये आणि उपचार केलेल्या जखमेला हात लावू नये. परिणाम कायमचा नाही, जखम उघडली की पुन्हा लावावं लागतं.

झेवास्किन एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, रिसेसिव्ह डिस्ट्रॉफिकच्या जखमांसाठी. रुग्णाच्याच पेशीत जनुक दुरुस्त करून वाढवलेले कातडीचे पापुद्रे शस्त्रक्रियेने जखमेवर बसवतात.

सिम्प्लेक्ससाठी यातलं एकही नाही. आणि प्र. ८ मधलं कारण तसंच राहिलं तर हीसुद्धा अपुरी पडतात. दाब येणाऱ्या टाचेवर कितीही महाग जेल लावलं तरी टाच चोळली जाणारच.

१५. जखम भरली आणि त्याच जागी पांढरे दाणे आले. पुन्हा जखम होतेय का?

नाही. त्या मिलिया, कातडीत अडकलेल्या केराटिनच्या बारीक गाठी. डिस्ट्रॉफिकमध्ये नेहमीच्या. टोचू नका, फोडू नका. मात्र नवी भरलेली जागा सहज पुन्हा सुटते, म्हणून तिच्यावर आणखी काही आठवडे पातळ फोमचं संरक्षण ठेवा.

१६. बोटांमधल्या जखमा भरताना बोटंच एकमेकांना चिकटताहेत.

दोन उघडे पृष्ठभाग शेजारी राहिले की ते एकत्रच भरतात. रिसेसिव्ह डिस्ट्रॉफिकमध्ये यातून हाताची मूठ बंद होत जाते. प्रत्येक बोट वेगळं गुंडाळा. न चिकटणाऱ्या ड्रेसिंगची अरुंद पट्टी दोन बोटांच्या बेचक्यात मुळापर्यंत बसवून मनगटाकडे खेचून धरा. सगळी बोटं एकत्र बांधून टाकणं सोपं जातं, पण ते करू नका. हाताच्या व्यायामाचं आणि रात्रीच्या स्प्लिंटचं (बोटं सरळ धरणाऱ्या आधाराचं) हँड थेरपिस्टना लवकर विचारा. शस्त्रक्रियेने बोटं सुटी करता येतात, पण अनेकदा ती पुन्हा जुळतात.

१७. दुसऱ्याच कारणासाठी रुग्णालयात जावं लागलं आणि तिथे नव्या जखमा झाल्या. हे कसं टाळायचं?

तिथल्या माणसांनी ईबी बहुधा पाहिलेला नसतो, म्हणून सूचना तुमच्याकडून लेखी जायला हव्यात. एका कागदावर ठळक लिहा: चिकटपट्टी कुठेच नको. सलाइनची सुई सिलिकोन टेप आणि सैल पट्टीने धरावी. रक्त घेताना स्पिरिट चोळू नये, टेकवावं. रक्त घेताना दंडाला बांधायचा पट्टा आणि रक्तदाबाचा कफ जाड फोमवरून बांधावा. ऑक्सिजन मोजायला चिकटणारा नको, चिमट्याचा सेन्सर घ्यावा. ईसीजीच्या इलेक्ट्रोडचा चिकट भाग कापून जेलच्या मध्यभागाखाली न चिकटणारं ड्रेसिंग येणार नाही असा बसवावा आणि कडा सिलिकोन टेपने धराव्यात. बाळाला काखेत धरून उचलू नये. एक हात ढुंगणाखाली आणि दुसरा मानेमागे घालून, मऊ गादीसकट उचलावं. कागदाची एक प्रत पलंगाच्या डोक्याशी लावा आणि दुसरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी द्या. शस्त्रक्रियागृहाच्या दारात ती वाचायला कुणालाच वेळ नसतो.